दुपट्याबाहेरचं पाऊल

लाथ बसली ती मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे बांगड्या संपतात आणि निळी शीर दिसते, बरोबर तिथे. लाथ म्हणजे तरी काय, दोन पेरांचं पाऊल ते. पण सुंदरबाईच्या हातातलं ऊन पाण्याचं घंगाळ डुचमळलं आणि ओंजळभर पाणी न्हाणीच्या उंबऱ्यावर सांडलं. आत बायनाबाई पाटावर पाय पसरून बसली होती. बीडमधल्या निम्म्या गल्ल्यांची पोरं तिच्या नडग्यांवर न्हाली होती, आणि आता तेल्याच्या घरचं हे पहिलं नातवंड तेलाने चमचमत तिथेच आडवं पडलं होतं. “सांडू नगं बया,” ती खाली बघतच म्हणाली. मग तिने मान वर केली, सुंदरबाईच्या मनगटाकडे पाहिलं, बाळाच्या पायाकडे पाहिलं, आणि तांब्या पाण्यात बुडवला. एवढंच झालं. उंबऱ्याबाहेरची जमीन नुकतीच सारवलेली, ओल्यावर घंगाळ टेकवायचं कसं, म्हणून सुंदरबाईने हात जरा जास्त आत नेला होता, आणि नेमका तेव्हाच त्या पठ्ठ्याने उजवा पाय झाडला. ती चुलीकडे परतली तेव्हा तिचे कान तापले होते आणि हसू काही केल्या ओठांत मावत नव्हतं.

हसू दडवायला तिने फुंकणी तोंडाला लावली, पण हसत हसत फुंकता येतं का कुणाला? राख उडाली, डोळ्यांत गेली, डोळ्यांतून पाणी आलं. बरं झालं, आता कुणी विचारलं तर धूर आहेच. मनगट तिने मांडीवर उलटं ठेवलं. त्या जागेला तेल लागलं होतं, तिळाचं, सासऱ्यांनी, आप्पांनी, खास बाळासाठी घाण्याच्या पहिल्या धारेचं बाजूला काढून ठेवलेलं. घरच्या तेलाचा वास तिला इतका सवयीचा की तो येतो हेसुद्धा ती विसरली होती. आज तोच वास मनगटावरून आला आणि तिला वाटलं, आपण ह्या घरात आज पहिल्यांदा पाऊल टाकतोय. तिला कुणी कधी स्पष्ट असं काही सांगितलं नव्हतं. धाकट्या जावेचं, कौशल्याचं, पोट दिसायला लागलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “सुंदरे, तू पान्याचं बघ.” ती पाण्याचं बघत होती. हंडा चढवायचा, घंगाळ भरायचं, न्हाणीच्या उंबऱ्याशी ठेवायचं आणि मागे सरायचं. बाळंतिणीच्या खोलीशी निखाऱ्यांची शेगडी आणायची, उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे सरायचं. जिला मूल नाही तिचा हात कोवळ्या अंगाला लागू नये, ही गोष्ट बोलायची नसतेच मुळी. ती घरात वाऱ्यासारखी असते, आणि ज्याला लागते त्यालाच लागते. पण आज उंबरा ओलांडून तिकडूनच कुणीतरी आलं होतं. तिने हात लावला नव्हता. तिला पाय लावला गेला होता! ह्यात फरक आहे की नाही? आहे, आहे, ती चुलीला म्हणाली आणि पुन्हा हसली.

दिवसभर तिने ते मनगट सांभाळलं. भाकरी थापताना डावा हात कोपरापासून उचलून धरला तर भाकरीला एका बाजूला शिंग आलं, आणि गहिनीनाथ, तिचा नवरा, परातीकडे बघून म्हणाला, “आज काय म्हशीची भाकर थापली का?” एरवी ती हिरमुसली असती. आज तिने तीच भाकरी मुद्दाम त्याच्या ताटात वाढली. पलीकडे घाणा कुरकुरत होता, डोळ्यांना झापडं बांधलेला बैल गोल गोल फिरत होता, कचेरीच्या दिव्यांचं तेल न्यायला आलेला शिपाई आप्पांशी हैदराबादच्या गोष्टी करत होता, आणि सुंदरबाई ह्या सगळ्यातून नुसती वाहत होती. कशी होती ती कातडी? मऊ म्हणावं तर लोणीही मऊ असतं, आणि लोणी काही तुम्हाला लाथ मारत नाही. ओली होती, ऊन होती, टाचेपाशी किंचित खरखरीत होती, कारण नवं अंग साल टाकतं, तिच्या लहानपणी तिची आई शेजारच्या बाळंतिणींना सांगायची, “भिऊ नगा, पोटातलं पानी वाळतंय ते, वरून सोलू नगा, आपसूक जाईल.” ती पापुद्र्यासारखी साल तिच्या शिरेवरून घासून गेली होती, हे तिला आता, इतक्या वेळाने, कळलं. तिने मनगट गालाला लावलं. परसात कोंबड्यांशिवाय बघायला कुणी नव्हतं.

आई आठवली की माहेरचं पाली गाव आठवायचं, आणि पाली आठवली की ते लुगडं. जांभळं, बारीक काठाचं. आईने स्वतः वापरून नरम केलेलं, आणि मग मुलीच्या पेटीत सगळ्यात खाली घातलेलं. “नवं लुगडं मिरवायला आस्तंय,” आई म्हणाली होती, “हे फाडायला दिलंय. तुझं पहिलं बाळ यात गुंडाळ. नवं कापड लेकराच्या अंगाला लावू नगं, खळ टोचती.” लग्नाला किती वर्षं झाली ते मोजणं सुंदरबाईने सोडून दिलं होतं, पण लुगडं सोडलं नव्हतं. मधूनमधून ती ते नेसायची, बिंदुसरा नदीत आपटायची नाही, नुसतं खळबळून काढायची, सावलीत वाळवायची. अजून मऊ होऊ दे, अजून. आता तर ते इतकं विरलं होतं की हातात घेतलं की वजन कळायचं नाही. आणि ह्या घरात जुनं कापड टिकवणं म्हणजे काय खाऊ होता! तेल्याचं घर, लुगड्याला जरा चीर गेली की सासूबाई ते घाण्यावर धाडायच्या, तेल पुसायला, पेंड बांधायला. त्यांची स्वतःची, कौशल्याची, गेल्या सणापर्यंतची सगळी जुनेरं घाण्याने गिळली होती. तिने मात्र हे एक पेटीच्या तळाशी दडवून ठेवलं. कुणासाठी? असं ती स्वतःला विचारत नसे. विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

म्हणूनच लाथ बसली त्याच दिवशी सकाळी घाटनांदूरहून कौशल्याच्या माहेरचा बाळंतविडा आला तेव्हा तिच्या आत कुठेतरी चुकचुकलं होतं. कौशल्याला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं; बापाने मात्र हात आखडला नाही. करकरीत मलमलीची झबली, गोट्याची किनार लावलेली कुंची, जाडसर छापील दुपटी, सगळं असं कडक की घडी उलगडताना पापडासारखा आवाज यावा. सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, अंगणात जागा पुरेना. इतक्या वर्षांनी पाळणा हलला होता, गल्लीतल्या बायका बघायला यायच्या होत्या. धुऊन घालावं असं बायनाबाईने सुचवून पाहिलं तर त्या म्हणाल्या, “धुतल्यावर नवं कसं म्हनायचं गं? व्याह्याला वाटंल, आमची कापडं पसंत पडली न्हाईत.” न्हाऊन निघालेलं बाळ त्या कडक कापडांत बांधलं गेलं. बायका आल्या, कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढून गेल्या. पठ्ठ्या मात्र त्या थाटाला दाद देईना. किती वेळा गुंडाळलं तरी तो उजवा पाय झाडायचा आणि पाऊल दुपट्याबाहेर काढायचा. “लई द्वाड हाय,” त्याचा बाप बंकट दारातून अभिमानाने म्हणाला. सुंदरबाई उंबऱ्याबाहेरून ते पाऊल बघत होती. माझ्याकडे आलेलं पाऊल, तिला वाटलं, आणि तिला पुन्हा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाईने झबलं काढलं. मग ती ओरडली, “आवं चंद्रभागाबाई, हिकडं या!” सुंदरबाईने घंगाळ टेकवलं आणि ती मागे सरायचं विसरली. बाळाच्या मानेवर, काखेत, पोटावर, मांड्यांच्या घड्यांत लालभडक पुरळ उठलं होतं, मधेमधे मोहरीएवढे दाणे, आणि ते लेकरू रडत नव्हतं, कण्हत होतं, म्हाताऱ्या माणसासारखं. कालचं मनगट सुंदरबाईने पदराखाली नेलं, जणू त्याच्यावरही लाल काही उठलं असेल आणि ते सगळ्यांना दिसेल. “कुनाचा हात लागला?” सासूबाई म्हणाल्या. त्या कुणाकडे बघून म्हणाल्या नाहीत. बघायची गरजच नव्हती. बायनाबाईने तोंड उघडलं, सुंदरबाईकडे पाहिलं, आणि मिटलं. ते मिटलेलं तोंड सुंदरबाईला शिवीपेक्षा लागलं. म्हणजे तिलाही तसंच वाटतंय. म्हणजे खरंच असेल. म्हणजे माझ्या शिरेतून काहीतरी त्या नव्या कातडीत गेलं असेल, एवढ्या वर्षांचं वाळलेलं, आंबलेलं काहीतरी. मी हसत होते तेव्हा ते त्याच्या अंगभर पसरत होतं.

“सुंदरे,” सासूबाई चुलीपाशी येऊन म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, हेच वाईट. “बंकट गाडी जुपील दुपारच्याला. बारशापस्तोर पालीला जाऊन ये. तुझ्या भावाला बी बरं वाटंल.” ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? बारशापर्यंत म्हणजे पाणीही नाही, शेगडीही नाही, उंबरासुद्धा नाही. आणि बारशानंतर? घरात एकदा मागे सरलेली बाई पुढे यायला कुणी बोलवत नाही. तिने आपली पेटी उघडली, कपडे काढले, बोचकं बांधू लागली, आणि तळाशी हात गेला तो त्या जांभळ्या लुगड्याला लागला. लागला म्हणावं की नाही, इतकं ते मऊ होतं. ती तशीच थांबली. हे... हे काहीसं तसं होतं. काल दिवसभर शोधून सापडलं नव्हतं, कशासारखी होती ती कातडी, आणि हे इथे पेटीत होतं. आईच्या अंगाने, तिच्या स्वतःच्या अंगाने, नदीने मिळून इतक्या वर्षांत हे कापड कातडीइतकं मऊ करून ठेवलं होतं. पलीकडच्या खोलीत बाळ आता रडायला लागलं होतं, मोठ्याने, आणि कौशल्या घाबऱ्या आवाजात त्याला नुसतं “आरं, आरं” म्हणत होती.

निघताना जावेला सांगून निघावं म्हणून ती खोलीच्या दाराशी गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बाजेवर कौशल्या बसली होती, केस विसकटलेले, मांडीवर ते कडक छापील दुपटं आणि दुपट्यात लालबुंद होऊन रडणारा तो. सवयीने त्याने उजवा पाय झाडला. पाऊल बाहेर आलं. सुंदरबाई त्या पावलाकडे बघत राहिली, आणि मग तिला आतून कुणीतरी ढुशी द्यावी तसं झालं. पाऊल स्वच्छ होतं! टाचेची साल निघत होती तेवढीच. बाकी गुलाबी, नितळ, एक दाणा नाही. हेच पाऊल. सगळ्या अंगात जर एखादी जागा पेटायला हवी होती तर ती हीच, कारण मला लागली ती एवढीच. आणि हीच तेवढी सुटली होती. का? तिचं डोकं भराभर पळायला लागलं, एरवी कधी पळायचं नाही तसं. मानेला झबल्याचा गळा. काखेला झबल्याची शिवण. मांड्यांना दुपटं. आणि हे पाऊल, हा द्वाड, हा शहाणा, काल सकाळपासून कापडाबाहेरच आहे!

“कौशल्या, त्याचा डावा पाय बघ,” ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की सासूबाई मागून धावत आल्या.

“काय वो आक्का?”

“डावा पाय, डावा! दुपटं काढ की.”

कौशल्याने दुपटं सोडलं. डाव्या पावलावर, घोट्यापर्यंत, लाल दाणे होते. दोन्ही पावलं शेजारी शेजारी हवेत हलत होती, एक लाल, एक नितळ. आता बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं. नाही बोलली तर गाडी जुंपलेली आहे, पाली जवळ आहे, कुणाला काही कळणार नाही. आणि हे लेकरू त्या खळीत सोलून निघेल. भीती वाटली का तिला? वाटली. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी तिच्या छातीत उड्या मारत होतं, आणि ते आनंदाचं होतं, ह्याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

“आत्याबाई, ह्यो पाय काल मला लागलाय,” ती म्हणाली आणि मनगट पुढे केलं. “हितं. न्हाणीत. बायनाबाईनं बघितलंय, इचारा त्यास्नी. एवडाच लागलाय, आन एवडाच चांगला हाय. माज्यानं झालं आस्तं तर हितनं सुरू झालं आस्तं. खळ टोचती त्याला. नव्या कापडाची खळ.”

चंद्रभागाबाईंनी मनगट पाहिलं, पाऊल पाहिलं, मग दुपट्याची कड दोन बोटांत धरून चुरगळली. ती करकरली. त्यांचा चेहरा पडला. व्याह्याचा मान, गल्लीतल्या बायका, सगळं त्या एका करकरीत होतं. “मग काय नागडं ठिवू का लेकराला थंडीचं?” त्या चिडून म्हणाल्या. “जुनेर आनू कुटून? घरात हाय ते समदं त्येलात बुडालंय.”

“माज्याकडं हाय,” सुंदरबाई म्हणाली.

मूल नसलेल्या बाईचं नेसतं लुगडं, कोवळ्या अंगाला. हे तिला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, आणि बाजेवरच्या त्या पोरसवदा पोरीलाही ठाऊक होतं, जी ह्या घरात आल्यापासून सासूपुढे एक शब्द बोलली नव्हती. तीच बोलली. “आना आक्का,” कौशल्या म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं तशी ती रडायला लागली, पण थांबली नाही. “कावून बगता आत्याबाई? लेकरू माजं हाय. मला आई आस्ती तर तिनं आनलं आस्तं. आना वो आक्का, बिगी बिगी आना!”

सुंदरबाई धावली. घरच्या थोरल्या सुनेने असं पळू नये, पण पळाली. पेटीतून लुगडं ओढताना बोचकं सुटलं, कपडे जमिनीवर पडले, ते तिने तसेच टाकले. लुगडं छातीशी धरून परत आली आणि दारात पाय अडखळला. उंबरा. तिने सासूबाईंकडे पाहिलं. चंद्रभागाबाई भिंतीशी टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं, आणि पदर सावरल्याचं निमित्त करून दारातून एका बाजूला सरकल्या. एका माणसापुरती जागा झाली. सुंदरबाई आत गेली.

काठ तेवढा जरा टणक होता, तो आधी काढायला हवा होता. तिने कापडाची कड दातांत धरली, खूण केली, दोन्ही हातांत घेतलं, आणि हात थबकले. आईचे शब्द आठवले, तुझं पहिलं बाळ. फाडलं की संपलं. मग पेटीच्या तळाशी काही उरणार नाही, हात घालून बघायला, अजून मऊ होऊ दे म्हणायला. एवढ्या वर्षांची वाट ती एका हिसक्यात फाडायची? बाळ कण्हलं. टर्र! आवाज घरभर गेला. किती सोपं होतं! काठ सरळ सुटून आला, मग पुन्हा टर्र, आणि हातात एक दुपट्याएवढा तुकडा. तिने तो बाजेवर पसरला, कौशल्याने बाळ त्यावर ठेवलं, आणि गुंडाळताना दोघींच्या हातांची गडबड झाली, सुंदरबाईची बोटं त्याच्या पोटावर, बरगड्यांवर, मानेच्या घडीत गेली. कुणी नको म्हटलं नाही. तो थोडा वेळ हुंदके देत राहिला, मग त्याने तोंड फिरवलं, गाल जांभळ्या कापडाला घासला आणि झोपला. अंगणात बंकट जुंपलेली गाडी घेऊन खोळंबला होता. “बैल सोड आता,” सासूबाईंनी त्याला आतूनच सांगितलं.

सकाळी बायनाबाईने बाळाला पायांवर घेतलं तेव्हा न्हाणीच्या उंबऱ्यापाशी अख्खं घर गोळा झालं होतं, आप्पासुद्धा घाणा थांबवून आले होते. पुरळ बसलं होतं. मानेवर जरा गुलाबी, काखेत एखाददुसरा दाणा, एवढंच. “झालं की मोकळं!” बायनाबाई म्हणाली, आणि मग सुंदरबाईकडे बघून, जरा ओशाळून, “काल म्या बोलाया पायजे हुतं बया.” सुंदरबाईला ते नीट ऐकूही आलं नाही. बायनाबाईने ओलं बाळ उचलून पुढे केलं होतं, आणि पुढे फक्त तीच होती, हातात जांभळा तुकडा पसरून. ओलं, ऊन, वळवळणारं सगळं अंग एकदम तिच्या हातांवर आलं. परवा मनगटभर होतं ते आज कोपरापर्यंत, छातीपर्यंत. टिपायचं, चोळायचं नाही, ती स्वतःला सांगत होती, मानेची घडी उघडून टिपायची, काखेतलं पाणी टिपायचं, बोटांच्या बेचक्या टिपायच्या. सांगता सांगता ती मोठ्याने हसत होती, आणि सगळे बघत असले तरी तिला आता धुराचं निमित्त नको होतं.

ऊन अंगणात आल्यावर ती उरलेलं लुगडं घेऊन बसली. दुपटी झाली, लंगोट झाले, झबल्यांपुरते तुकडे निघाले. काठाची दोरी पाळण्याला बांधायची ठरली. टर्र, टर्र; प्रत्येक आवाजाला पठ्ठ्या दचकून पाय झाडायचा आणि कौशल्या खोलीतून हसायची. चंद्रभागाबाई शेजारी येऊन बसल्या. तुकड्यांच्या घड्या घालू लागल्या. लुगडं निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“सुंदरे, समदं फाडू नगं,” त्या हळूच म्हणाल्या. “आर्धं ठिव. तुला लागंल की कदी.”

सुंदरबाईने सासूकडे पाहिलं. त्या खरंच म्हणत होत्या.

“मला लागंल तवा कौशल्याचं फाडू,” ती म्हणाली, आणि तिने पुढची कड दातांत धरली.